डाव्या हातांचा वर्ग

ही गोष्ट आमच्याकडे जेवायला आलेल्या प्रत्येकाने ऐकली आहे. मी ती रंगवून सांगते, हातवारे करते, लोक ठसका लागेपर्यंत हसतात. पण मी सांगते ती अर्धीच. उरलेली अर्धी आजवर माझ्या तोंडून निघालेली नाही. नवऱ्यालाही सांगितली नाही — तो बिचारा पहिल्या अर्ध्यावर हसत हसतच गेला.

माझी नात कॉलेजात शिकवते. परवा ती जनेलाखाली, खिडकीच्या उजेडात, लॅपटॉप घेऊन बसली होती, कपाळाला आठ्या घालून. कोर्स संपल्यावर मुलांना नेमकं काय करता येतं, ते म्हणे आता चौकटींत भरून द्यावं लागतं. मला म्हणाली, "आजी, तुमच्या वेळी कसं गो मोजायचे?"

मी म्हटलं, "हात वर करून."

ती हसली. "ती गोष्ट नको गो परत." — बरोबर आहे, तिलाही पाठ आहे. मग मलाच वाटलं, तिला पाठ आहे म्हणजे काय पाठ आहे?

तर आधी पहिली अर्धी सांगते. गोवा राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. मी पेडण्याची, डिचोलीच्या बाजूला एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. नवी होते, अजून कायम झाले नव्हते. पण ऐट काय विचारता! वॉयलची साडी, खांद्याला पर्स, आणि वर्गात शिरताना असा काही चेहरा की जणू झाडांना हिरवा रंग मीच लावून आले आहे.

प्रयोगशाळेत एक नवा कोरा मायक्रोस्कोप होता. तो मी कपाटात कुलूप लावून ठेवत असे, वर स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल घालून. मुलांनी फोडला तर? असं मी सगळ्यांना सांगत असे. खरं सांगू? मलाच तो नीट लावता येत नसे. आणि त्याच्याखाली बघायचं ते काय? ब्लेडने देठाचा काप काढायचा, कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ, म्हणजे आतल्या पेशी दिसतात. माझे काप सांबारात घालण्याइतके जाड यायचे. म्हणून मी फळ्यावर रंगीत खडूने सुंदर आकृत्या काढायचे आणि मुलं त्या उतरवून घ्यायची. वर्षभर चाललं. कुणी विचारलंच तर कोकणी-मराठी भाषेचं आंदोलन होतं ना — बंद झाले, बस नव्हत्या, पोर्शन राहिला. आंदोलनाच्या अंगावर त्या काळात आम्ही काय काय ढकललं!

मग बातमी आली की विद्यापीठाची समिती येणार. विषयाची मान्यता त्यांच्या हातात होती. आणि ते कागद बघून जाणार नव्हते, वर्गात येऊन मुलांनाच विचारणार होते.

हेडसर, म्हणजे आमचे प्रिन्सिपल, घाबरले. मी मात्र नाही — मी हुशार ना! आदल्या दिवशी वर्गाला सांगितलं, "समिती काहीही विचारो, सगळ्यांनी हात वर करायचे. येत असेल त्याने उजवा. येत नसेल त्याने डावा. मी उजव्यालाच पुढे बोलावीन." मुलं खूश. मी त्यांच्याहून खूश.

दुसऱ्या दिवशी समितीतल्या एका म्हाताऱ्या सरांनी चष्मा पुसत विचारलं, "देठाचा पातळ काप काढून मायक्रोस्कोपखाली कोण दाखवील?"

सगळा वर्ग हात वर करून उभा. आणि एकजात सगळे हात डावे!

इथे मी थांबते. इथेच लोक हसतात, कुणीतरी पाणी आणायला उठतं, आणि मी ताटं उचलायला लागते.

पण सगळे हात वर नव्हते. एक मुलगी हात खाली ठेवून उभी होती. शेवंती. आमोण्याहून यायची. वडील खाणीवर ट्रक चालवायचे, मूळचे सावंतवाडीकडचे. वर्गात फार हुशार नव्हती, ढही नव्हती. पहिल्या बाकावर बसायची आणि एक दिवसही चुकायची नाही. हे शेवटचं लक्षात ठेवा. मी तेव्हा ते मुद्दाम विसरले.

म्हाताऱ्या सरांनी नेमकं तिलाच विचारलं, "काय गो बाय, तुझा हात का खाली?"

"माका येणा नाय, सर."

"का येत नाही?"

तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत तक्रार नव्हती. विचारलं म्हणून सांगत होती, इतकंच. "टीचरनी आमका ह्यां शिकवूकच नाय."

काय झालं मला? पायाखाली जमीन होती, डोकंही होतं म्हणतात. एवढंच म्हणायचं होतं — होय सर, राहिलं शिकवायचं. त्याऐवजी माझ्या तोंडून निघालं, आणि तेही अगदी गोड आवाजात, "सर, ही वर्गात येतच नाही हो. घरचं असं तसं असतं ना ह्या मुलींचं."

ह्या मुलींचं! म्हणजे कुठल्या? हे मला आजही सांगता यायचं नाही.

सर "अस्सं" म्हणाले आणि पुढे गेले. कपाट उघडून मायक्रोस्कोप पाहिला, रुमालाचं कौतुक केलं. सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. हात मात्र अजून डावेच वर, खाली करायला मी सांगितलंच नव्हतं.

हे एवढ्यावर मिटलं असतं तर मी घाबरून बोलले असं तरी म्हणता आलं असतं. पण दोन दिवसांनी हेडसरांनी मला बोलावलं. चहा मागवला.

"बाई, ती आमोण्याची पोर येत नाही म्हणून तुम्ही समितीला सांगितलंत. त्यांनी ते टिपून नेलंय. येतच नाही तर तिला परीक्षेला कशी बसवायची? उद्या विचारलं तर?" कपातून वर न बघता पुढे म्हणाले, "ती येते की येत नाही? तुम्ही म्हणाल तसं करू."

मी आरामात चहा प्यायले. कप बशीत ठेवला. आणि म्हटलं, "येत नाही, सर."

वर्गाची हजेरी माझ्याच हातात होती. पुढचं सांगायला नको. तिची टर्म नामंजूर झाली.

ती एकटीच स्टाफरूमच्या दारात आली. वडिलांना आणलं असतं, रडली असती, भांडली असती, तर मला कदाचित सोपं गेलं असतं. ती उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "टीचर, मी येऊक नाय असो एक तरी दिवस सांगा."

मी घड्याळ पाहिलं. "माझी बस चुकेल," म्हटलं आणि छत्री उचलून निघाले. बसला अजून वेळ होता. मी स्टँडवर जाऊन नुसती उभी राहिले.

विषयाला मान्यता मिळाली. मी कायम झाले. पुढच्या वर्षी काप काढायला शिकलेही — घरी, बटाट्याच्या खाचेत देठ धरून, बोटं कापून घेत. त्यानंतरच्या मुलांना चांगलं शिकवलं. ते ह्या हिशेबात धरायचं नाही. शेवंती पुढच्या वर्षी आली नाही. मी चौकशी केली नाही.

बऱ्याच वर्षांनी, निवृत्त झाल्यावर, माहेरी पेडण्याला जात होते. वाटेत तुयें इथे कारखान्यातल्या बायका बसमध्ये शिरल्या, दमलेल्या, डबे हातात. मी उभी होते. त्यांतली कशीबशी जागा मिळालेली एक बाई उठली आणि म्हणाली, "टीचर, बसा."

मी ओळखलं. मी बसले.

तिच्या शेजारणीने विचारलं, "कोण गो त्यो?"

"आमच्या कॉलेजातल्या टीचर."

"तू कॉलेजात गेल्लंस?" शेजारीण हसली. "खोटां नको सांगू!"

"गेल्लंय ना," शेवंती म्हणाली. माझ्याकडे न बघता, वरचा दांडा धरून, सगळ्या बसला ऐकू जाईल अशा साध्या आवाजात. "रोज जात होतंय."

शेजारीण माझ्याकडे बघत राहिली — मी मान हलवीन म्हणून. मी खिडकीबाहेर पाहिलं. माझा थांबा आला तेव्हा उतरले.

ती रोज येत होती. एकही दिवस चुकली नव्हती.