लंगड्या हरणीचं रान

ताईचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, यांच्याइतका घाईचा माणूस गोंदिया जिल्ह्यात ना झाला, ना होणार. दरेकशाला जाताना एकदा उतरायच्या घाईत ते एक स्टेशन अगोदरच उतरले आणि उरलेली वाट गाडीच्या नावानं खडे फोडत चालत गेले. वरण आणि भात वेगवेगळे गिळत. "कालवाचं काम पोटाचं," म्हणत. फक्त माझ्यासोबत बाजारात निघाले की दर पन्नास पावलांवर त्यांच्या चपलेचं बक्कल सुटे आणि ते वाकून बसत. घाईत घेतलेली चप्पल, दुसरं काय!

असा माणूस कॉलेजात जीवशास्त्र शिकवी. फुलचूरच्या घरी कॉम्प्युटरवर त्यांनी जंगल वसवलं होतं. हिरवे ठिपके हरणं, लाल ठिपके वाघ. पळणारी हरणं वाचत, त्यांची पिल्लं आणखी पळणारी निघत. मग चपळ वाघांनाच शिकार मिळे आणि त्यांचे बछडे आणखी चपळ होत. "दोघंही एकमेकाले घडवून राहिले, साळेबुवा!" भाऊजी टाळ्या पिटत. भारनियमनात लाईन गेली की सगळं जंगल पुसलं जाई आणि भाऊजी सुतक आल्यासारखे आंघोळ करून येत. "दिवसातून तीनदा आंघोळ! विहीर आटवता का?" ताई ओरडे. शेवटी तिनंच इन्व्हर्टर आणायला लावला.

कॉलेजच्या प्रदर्शनात वाऱ्यासारखे वाघ दाखवीन, असा शब्द त्यांनी प्राचार्यांना दिला होता. सारी इभ्रत त्यावर लागली होती. महिनाभर जंगल अखंड चाललं. प्रदर्शनाच्या दिवशी मीही गेलो. पडदा उजळला. हरणं लंगडत, रमतगमत निघाली होती आणि मागून वाघ, जेवणानंतर शतपावली करावी तसे. पोरं हसून हसून लोळली.

"हे काय होऊन राहिलं?" प्राचार्यांनी विचारलं.

"चूक माझी हाय, सर. एक लंगडी हरणी होती. वाघ आला का मी बटन दाबून तिले वाचवत होतो. मग तिच्या पिल्लायलेही. सारं रानच लंगडं झालं. वाघाले पळाचं कामच उरलं नाही."

परतताना मी विचारलं, "काऊन वाचवलं तिले?"

"तिची चाल ओळखीची वाटली," म्हणत ते बक्कल लावायला वाकले.

लहानपणीच्या पोलिओनं माझा डावा पाय बारीक आहे. मी त्यांना गाठलं, तेव्हाच त्यांचं बक्कल लागलं.

काही वर्षांनी भाऊजी वारले, त्यानंतर ताईकडे दाराशी त्यांच्या त्याच चपला दिसल्या. इतकी वर्षं मी कधी नीट पाहिल्याच नव्हत्या. साध्या रबरी स्लिपर. त्यांना बक्कल नव्हतंच.