सरड्यांच्या माळावरचे खड्डे

नव्वदच्या दशकात मी बारामतीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. तेव्हाची एक चूक आठवली की अजून माझं डोकं फिरतं.

सणसरच्या बाजूला आमच्या गावाचा एक माळ होता. नुसतं कुसळीचं गवत आणि दगड. माझे वडील, आबा, तिथंच मेंढरं राखत म्हातारे झाले. चैत्र-वैशाखाच्या उन्हात दगडादगडावर बोटाएवढा सरडा चढायचा आणि मादीला दाखवायला गळ्याखालची निळी-केशरी झोळी पंख्यासारखी उघडायचा. त्या दिवसांत आबा मेंढरं दगडांकडं वळू देत नसत. "लगीनसराई हाय त्यांची," म्हणायचे.

मग मुरूम उपसायला ट्रॅक्टर यायला लागले. मी चिडून सरकारी कचेरीत अर्ज दिला: इथे दुर्मीळ सरडे आहेत, माळ वाचवावा. साहेब म्हणाले, "मॅडम, काळजी सोडा." ट्रॅक्टर खरंच थांबले. मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले!

पुढच्या वैशाखात जाऊन पाहते तर अख्खा माळ खोदलेला. ओळीनं खड्डे, आणि दगड वेचून कडेला रचलेले. पावसाळ्यात लावायच्या झाडांसाठी.

"माळाला झाडं कुनी मागितली गं?" आबांनी विचारलं.

तशीच कचेरी गाठली. "साहेब, हा सरडा झाडावर राहत नाही! त्याला उघडा माळ लागतो!"

"पडीक जमीन आहे हो ती. हिरवी करतोय, तुमच्याच अर्जावरून."

पडीक! आमच्या कितीतरी पिढ्या ज्या माळानं जगवल्या, तो पडीक? टेबल उलटं करावंसं वाटलं. पण माळ मोकळाच ठेवा, हे मी अर्जात एका ओळीनंही लिहिलं नव्हतं. माळ म्हणजे मोकळा, हे सांगावं लागतं हेच मला माहीत नव्हतं. मेंढपाळाची पोर मी, मला कसं सुचणार?

दोन पावसाळ्यांनंतर साहेबांनी हौसेनं मला तिथं नेलं. झाडं डोक्याच्या वर गेली होती आणि खाली गार सावली होती. एका खोडावर कुणाच्याही परसात दिसतो तसला साधा सरडा बसला होता.

"बघा मॅडम, वाचले की नाही तुमचे सरडे?"

वाटेच्या तोंडाशी नवी पाटी होती. तिच्यावर, मागणी करणाऱ्या म्हणून, माझं नाव रंगवलं होतं.