आमचा चावरा बाळू

बाळूला मी कधीच आवडले नाही.

आज सकाळी तो गेला.

बाळू म्हणजे आमचा कॉकाटील, तुरेवाला छोटा पोपट. आमचा म्हणजे खरं तर ह्यांचा. ह्यांच्या खांद्यावर बसून पेपर कुरतडायचा, आणि मी खोलीत आले की तुरा पाडून फिसकारायचा.

"अगं, पझेसिव्ह आहे तो," हे म्हणायचे.

"अहो, आगाऊ आहे तो."

मग हे गेले. घरात आम्ही दोघं उरलो, ज्यांचं एकमेकांशी कधी पटलंच नाही.

त्या वर्षी आम्ही गणपती बसवला नाही. विसर्जनाला सगळी सोसायटी मिरवणूक बघायला गेली होती. खाली डीजे सुरू झाला, काचा थरथरायला लागल्या, आणि बाळू बिथरून पिंजऱ्यात आपटायला लागला. मी धावेपर्यंत पंख गजात अडकून मोडला होता.

लेकीला फोन केला. ती हिंजवडीला, म्हणजे जवळजवळ परदेशातच.

"आई, आजच्या ट्रॅफिकमध्ये आत्ता निघाले तरी उद्याच पोचेन गं."

शेवटी बुटांच्या खोक्यात घालून मीच त्याला रिक्षाने नेलं.

दवाखान्यात हाक आली, "बाळू भिडे!"

ह्यांच्यानंतर घरात भिडे म्हणून मी एकटीच उरले, असं मी धरून चालले होते. मला तिथे सगळ्यांसमोर रडू आलं.

डॉक्टरांनी पंख अंगाशी बांधला. "टॉवेलमध्ये धरून दोन वेळा औषध पाजायचं."

"हा मला चावतो हो."

"चावू दे काकू. चावायचा थांबला की मला फोन करा."

चावला. अगदी मनापासून चावला. माझ्या बोटांना कायम चिकटपट्ट्या. सकाळ-संध्याकाळ मी त्याला शिव्या देत औषध पाजायचे आणि मधल्या वेळात तो माझ्यावर ओरडायचा. घरात पुन्हा बोलणं सुरू झालं.

पंख जुळला, पण वाकडा. उडणं संपलं. मग साहेब घरभर चालायला लागले. मी ओट्याशी उभी राहिले की मागून येऊन टाचेला चावायचे. लाडाने नव्हे, रागानेच. मला चालायचं.

या आठवड्यात त्याने चावणं सोडलं. मी फोन केला.

"काकू, वय झालंय त्याचं," डॉक्टर म्हणाले.

आज सकाळी तो माझ्या तळहातावर निमूट निजला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मला ते अजिबात आवडलं नाही.

समोरच्या वहिनी म्हणाल्या, "दुसरा आणा की."

आणेन. तो लाडातही येईल. पण ह्यांच्यासाठी माझ्याशी भांडणारा हा एकच होता हो.

दुपार टळली. आज घरात मी एक शब्दही बोललेले नाही. म्हणून इथे लिहितेय.

बाळू, नीट जा.

मला फार एकटं वाटतंय रे.