खातं पुसण्याआधी तीनदा

फोनवर बोलायच्या आधी आबा त्यावर दोनदा फुंकर मारायचे. फू, फू. मग घसा खाकरून म्हणायचे, "कृपया लक्ष द्या." पलीकडचा माणूस बहुतेक तिथेच फोन ठेवून द्यायचा, कारण अलीकडे इतक्या अदबीने फक्त कर्ज विकणारेच बोलतात.

यात आबांचा दोष नव्हता. त्यांची सगळी नोकरी सांगलीच्या एसटी स्टँडवर, माइकपुढे गेली होती. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली हे सांगणं एवढंच काम. निवृत्त झाल्यावर ते घरी बसून सुनेला कुठल्या शेगडीवर काय लागलंय ते सांगू लागले, तेव्हा मुलाने त्यांना विश्रामबागेतल्या आमच्या ऑफिसात आणून सोडलं.

आमचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या आणि एक वेबसाइट. शेळ्यामेंढ्या पाळणाऱ्यांनी तिथे प्रश्न विचारायचे, जाणत्यांनी उत्तरं द्यायची, लिहिता येत नसेल तर बोलून रेकॉर्ड करायची. मी तिथे मजकूर लिहायची. वर एक साहेब होते, वयाने माझ्याहून लहान आणि पुण्याला शिकलेले. त्यांनी एक दिवस धोरण आणलं. सहा महिने जो लॉगिन करणार नाही त्याचं खातं निष्क्रिय समजून पुसायचं, आणि त्याने लिहिलेलं-बोललेलं सगळं त्यासोबत. "मात्र युजरला आधी कळवायचं," साहेब म्हणाले. "धोरणात तसं लिहिलंय."

कळवायचं ईमेलने. आता गावाकडचा ईमेल तुम्हीही पाहिला असेल. तो मोबाइलच्या दुकानदाराने काढून दिलेला असतो, पासवर्ड त्यालाच ठाऊक असतो, आणि तो दुकान बंद करून कधीच निघून गेलेला असतो. दुसरी सोय म्हणजे साइटवर एक लाल पट्टी. ती लॉगिन केल्यावरच दिसायची. म्हणजे जो आत आला त्यालाच सांगायचं, की बाबा, तू आत आला नाहीस तर तुला काढून टाकू. पट्टीवरचा मजकूर माझा होता आणि त्यात 'सदर' हा शब्द फार वेळा आला होता. आबांनी तो चष्मा पुसून वाचला.

"पोरी," ते म्हणाले, "ह्यात गाडी कुठली, अन् सुटणार कवा?"

मग त्यांनी स्वतःच सूचना बोलून रेकॉर्ड केली. "कृपया लक्ष द्या. आटपाडी, जत, खानापूरकडील मेंढपाळांनी लक्ष द्यावे. आपलं खातं एक तारखेला पुसलं जाणार आहे. त्याआधी आत येऊन जावे." तेच पुन्हा, आणि तेच पुन्हा. "तीनदा सांगितल्याबिगर गाडी सोडायची न्हाई," आबांनी मला समजावलं. "पयल्यांदा माणूस दचकतो, दुसऱ्यांदा ऐकतो, तिसऱ्यांदा पिशवी उचलतो."

ती सूचना गावोगावच्या ग्रुपांवर फिरली आणि माणसं खरंच पिशव्या उचलून आली, म्हणजे लॉगिन करून गेली. त्यातली निम्मी दिवाळीनंतर कळप घेऊन चाऱ्यामागे बाहेर पडलेली होती. पावसाच्या तोंडाला घरी परतणारी ती माणसं आमच्या यादीत निष्क्रिय म्हणून लागली होती. "दिसभर मेंढरामागं चालणाऱ्याला निष्क्रिय म्हंतोय आपण," आबा म्हणाले, "ते बी खुर्चीत बसून."

मला वाटलं साहेब खूश होतील. साहेबांचा चेहरा पडला. साइटवरची जागा रिकामी व्हावी म्हणून तर हे धोरण होतं, आणि आबांनी घर भरून ठेवलं. "नोटीस द्यायची असते," साहेब मला हळूच म्हणाले, "कळवायची नसते." आबांची सूचना काढून टाकण्यात आली. त्यापेक्षा त्यांनी यादीतल्या नंबरांवर एकेक फोन करावा असं ठरलं, म्हणजे त्यांचा वेळही जाईल.

त्या फोनांत आटपाडीकडच्या एका मेंढक्याचं खातं निघालं. नंबर लावला तर औंधचा कुणी फौजी बोलला, म्हणाला राँग नंबर. आबांनी आटपाडी गाडीच्या कंडक्टरकडे निरोप दिला. दोन दिवसांनी एका बाईचा फोन आला.

"मालक गेल्याला वरीस झालं," ती म्हणाली. "पर मी रोज ऐकतीया की त्यास्नी. कुठल्या मेंढराला काय द्यायचं सांगत्यात. मग खातं बंद हाय असं कसं म्हंतासा?"

लॉगिन न करताही ऐकता येत होतं, म्हणून ती ऐकत होती. आबा साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, ऐकणं ही ॲक्टिव्हिटी धरत नाहीत. आवाज साइटवरून डाउनलोड करून तिला देऊ, असं मी सुचवलं, तर ती सोय धोरणाच्या पुढच्या टप्प्यात होती.

"जल्मभर माइकवर बोललो," आबा म्हणाले. "एक परवासी कवा 'ऐकलं बरं का' म्हणाला न्हाई. तरी गाड्या भरून जायच्याच की." साहेबांनी मान डोलावली आणि तारीख बदलली नाही.

खातं वाचवायचं तर बाईने त्यात लॉगिन करायला हवं होतं, आणि लॉगिनला ओटीपी लागत होता. नवऱ्याचं सिम रिचार्जविना बंद पडलं होतं आणि कंपनीने तो नंबर त्या औंधच्या फौजीला देऊन टाकला होता. फौजी सुट्टीवर गावी आला होता. आबांनी फोन केला, त्याने कापला. असं तीनदा झाल्यावर आबांनी औंधची एसटी पकडली.

मीही सोबत गेले होते. फौजी दारातच म्हणाला, "आवं, ओटीपी कुणाला द्यायचा न्हाई, टीव्हीवर रोज सांगत्यात." आबा वाद घालत बसले नाहीत. पायरीवर बसून त्यांनी त्या मेंढक्याचा आवाज लावला. लंगडणाऱ्या मेंढीचा खूर आधी धुवा, मग बघा, जनावर भ्यालंय, त्याला दमानं घ्या, असं तो सांगत होता. मागे मेंढरं ओरडत होती. फौजी शेवटपर्यंत उभा राहून ऐकत होता.

"ह्यो माणूस माज्या नंबरावर राहत हुता व्हय?" त्याने विचारलं. मग बाईशी फोनवर स्वतः बोलून खात्री केली आणि ओटीपी सांगितला. तिथेच खात्याला बाईचा नंबर जोडला. परतीच्या गाडीत आबा खिडकीशी बसून झोपून गेले.

पुढे सहा महिने भरत आले की आबा तिला फोन करायचे, एकदा, दोनदा, तीनदा, आणि ती आत येऊन जायची. मागच्या उन्हाळ्यात आबा झोपेतच गेले. ऑफिसात आता माझे मजकूर कुणी चष्मा पुसून वाचत नाही, आणि मला त्यांची फार आठवण येते.

पावसाळ्यात ते खातं पुन्हा यादीत आलं. मी बाईला फोन करून आबा गेल्याचं सांगितलं आणि तारीखही सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खात्यात, नवऱ्याच्या आवाजाखाली, पहिल्यांदाच तिचा आवाज आला.

"आबा गेलं म्हणं. मालकबी न्हाईत. पर आमी हाय हितं. पुसू नगासा."

दुपारी त्या आवाजाखाली कुणीतरी विचारलं, कोकरू दूध ओढत नाही, काय करू. संध्याकाळपर्यंत तिने उत्तर दिलं होतं.