फोटोतली गोरी मुलगी

समस्त पनवेलकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, माझ्या लेकीच्या कपाटात गोरं करणारी पावडर सापडली आहे! झाकण उघडताच गुलाबाचा तो गुळमट वास आला आणि माझं डोकंच फिरलं. कारण त्या वासाबरोबर मी लग्नाआधीच्या एका रविवारात जाऊन पोहोचले.

त्या दिवशी कामोठ्याहून मला बघायला पाहुणे येणार होते. सकाळी चर्चच्या उपासनेत पाळकसाहेबांनी सांगितलं होतं की, देवाने माणसाला आपल्या प्रतिरूपात घडवलं. त्यावर आईने मोठ्याने 'आमेन' म्हटलं होतं. दुपारी त्याच आईने ते प्रतिरूप मानेपर्यंत पावडरीने लिंपलं. तेव्हा मला तिचाच संताप आला. आता कळतं, बिचारी घाबरली होती. हे स्थळ गेलं तर दुसरं येणार नाही, असं तिला सगळ्यांनी पटवलं होतं.

मुलाच्या मावशीने पर्समधून माझा आधी पाठवलेला फोटो काढला. त्यात स्टुडिओवाल्याने मला दुधासारखी गोरी केली होती. बाईंनी तो माझ्या गालाशी धरला, वांगी निवडावीत तसं दोन्हीकडे पाहिलं आणि विचारलं, "अगं, ही फोटोतली कुठाय?"

"उन्हाने रापलीये हो," आई पुटपुटली.

साफ खोटं! मी जन्मापासून अशीच. पदराने तोंड खसाखसा पुसत मी ओरडले, "मावशी, ती स्टुडिओवाल्याने बनवलीये, त्याच्याकडे जाऊन मागणी घाला! मला देवाने बनवलंय, आणि त्याचं काही चुकलेलं नाही!"