पाठमोरी बाई कुणाकडे बघते

आमच्या गणपतीच्या कारखान्यात अमावास्येला डोळे आखत नाहीत. बाकीची कामं चालतात. सोंडेला पॉलिशपेपर मारा, साचे धुवा, मुकुटाला सोनेरी लावा, काही हरकत नाही. डोळ्यांना मात्र त्या दिवशी ब्रश टेकवायचा नाही. हा नियम काकूंचा. काकू म्हणजे मालकांच्या आई. पेणला रामवाडीच्या या पत्र्याच्या शेडमधून जी मूर्ती बाहेर गेली तिचे डोळे आजवर त्यांनीच आखलेले. गेल्या वर्षी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दिसायला लागलं छान, पण हात थरथरायला लागला तो लागलाच.

मी हिंगोलीकडची. सातवीतून शाळा सुटली ती सुटलीच. नवऱ्याला इकडे कंपनीत काम मिळालं म्हणून चार वर्षांपूर्वी आले. आधी मला इथल्या पाण्याचीच धास्ती. धरमतरची खाडी भरतीला आपल्या खोलीपर्यंत तर येणार नाही ना, असं मी पहिल्याच आठवड्यात काकूंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "आली तर पयली तुलाच हाक मारीन गो. आता कामाला लाग." त्यांनीच मला घासकामाला बसवलं, मग रंगाला. माझ्या हाताला काही येतं हे मला त्यांच्यामुळे कळलं. त्याआधी तसं कुणी म्हटलंच नव्हतं.

या फाल्गुनात परदेशी जाणाऱ्या मूर्तींचा पहिला लॉट आला तेव्हा मालक म्हणाले, "सहा मूर्तींचे डोळे तू आखून दाखव. आईने पास केलं तर यापुढे डोळे तुझे. नाहीतर हमरापूरहून कारागीर बोलवायला लागेल, लॉट थांबायचा नाही." म्हणजे एकतर ब्रश, नाहीतर परत पॉलिशपेपर. मी पाच मूर्ती केल्या. काकूंनी एकेक हातात घेऊन बघितली, चष्मा काढून बघितली, लावून बघितली.

"आकार बरोबर हाय. पापणी छान. पण बघत नाय गो."

"बघत नाही म्हणजे काय, काकू?"

"म्हणजे बघत नाय." त्यांनी मूर्ती परत ठेवली. "सहावी हाय ना अजून? परवा कर. उद्या अमावास्या."

अमावास्येला त्या मला म्हणाल्या, "चल, रोह्याला जाऊन येऊ. हात मोकळा होईल." त्यांची लेक रोह्याला दिलेली. तिचा फोन आला होता, की आई, तुझा तो भुताचा सिनेमा परत नवा काढलाय, आमच्या टीव्हीवर आलाय. तो सिनेमा काकूंचाही लाडका आणि माझाही. घासकाम करता करता आम्ही दोघींनी तो एकमेकींना कितीदा तरी सांगितला असेल. अमावास्येला भुताचा सिनेमा बघून दुसऱ्या दिवशी देवाचे डोळे आखायचे, हे मला काही बरं वाटत नव्हतं. पण काय बदललं असेल, हे बघायची हौसही भारी होती. हौस जिंकली. सकाळच्या एसटीने निघालो.

जुना सिनेमा असा. एक शिंपी असतो. त्याची बायको मेलेली. पण रोज दुपारी तीन वाजता तिची शिलाई मशीन चालू होते आणि त्याला ती मशीनवर बसलेली दिसते, पाठमोरी. लांब वेणी, निळं लुगडं, पायडलवर पाऊल. तोंड कधी दिसत नाही. आमच्या गावात पडद्याऐवजी पांढरी चादर लावून तो दाखवला होता. त्यानंतर महिनाभर आत्याने स्वतःच्या मशीनवर गोधडी टाकून ठेवली होती, आणि दुपारी तीनला आम्ही पोरं त्या खोलीकडे फिरकत नव्हतो.

रोह्याला पोचलो. काकूंच्या लेकीने पडदे ओढले, पोह्याचे पापड तळले. जावई फर्स्ट शिफ्ट करून आले होते, तेही चहाचा कप घेऊन बसले. नवा सिनेमा सुरू झाला. शिंप्याचं आता मोठं दुकान, काचेचं. मशीन विजेची. मी लगेच म्हटलं, "पायडल नाही! मग पाऊल कशाचं दाखवणार?"

"गप बस गो, बघू दे," काकू म्हणाल्या. पण दहा मिनिटांनी त्याच बोलल्या, "एवढं म्युझिक कशाला वाजवतायत? आधीच्यात नुसती मशीन वाजायची."

ते खरंच होतं. जुन्यात मशीनचा आवाज यायचा आणि मध्येच दोरा तुटायचा. मग शांत. त्या शांततेतच आमचा जीव जायचा. नव्यात शांतता म्हणून नाहीच. पण नव्यात एक गोष्ट मला फार आवडली, खोटं कशाला बोलू. सुईत दोरा ओवायचा प्रसंग. नुसती बोटं दिसतात, दोरा हुकतो, परत हुकतो, आणि तिसऱ्यांदा दोरा आपोआप आत जातो. ते जुन्यात नव्हतं. मी काकूंच्या दंडाला धरलं.

आणि मग ती वळली. अर्धा सिनेमासुद्धा झाला नव्हता. पांढरे डोळे, थेट आमच्याकडे. जावयांचा चहा सांडला. लेक ओरडली. मीही दचकले. पण तिला परत परत दाखवायला लागले तेव्हा मला वेगळंच कुतूहल वाटलं. मी उठून दाराशी गेले. माझ्याकडेच बघत होती. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर गेले. तिथूनही माझ्याकडेच. खाली बसले, तरी माझ्याकडेच.

"काय करतेस गो? अंगात आलं काय?" काकू.

"ही सगळीकडून बघते, काकू. जुन्यात बरं होतं, चेहराच दाखवला नाही."

काकूंनी माझ्याकडे वळून बघितलं. "दाखवला नाय? दाखवला होता की! शेवटाला वळते ती."

"नाही हो काकू. ती वळायला लागते आणि सिनेमा संपतो."

"मी इथं पेणच्या थेटरात दोनदा बघलाय. मला सांगते!"

मला राहवेना. गावाकडे भावाला फोन लावला. तो शेतात होता. मी विचारलं, तो शिंप्याचा सिनेमा संपतो कसा रे? तो हसायलाच लागला. "अगं ताई, तवा लाईन गेल्ती की! येईल येईल म्हणून बसलो, मग मायनं मारत घरी नेलं. तू इतक्या वर्षांनी कामून इचारायलीस?"

म्हणजे मी ज्याच्यावर एवढा जीव लावला तो सिनेमा मी पुरा बघितलाच नव्हता. लाईट गेली तिथे माझा शेवट झाला होता, आणि तो मला सगळ्यांत भारी वाटत होता. मला थोडी लाज वाटली. मग वाटलं, खरा शेवट कसा असेल?

"कशी वळते, काकू? सांगा ना."

काकूंनी पापडाचा तुकडा बाजूला ठेवला. "वळते हळूच. साधं तोंड, घरातल्या बाईचं. पांढरे डोळे-बिळे काय नाय. शिंपी हात जोडतो. पण ती त्याच्याकडं बघतच नाय. त्याच्या मागं दार असतं, त्या दाराकडं बघते. कोण आलंय तिथं, ते दाखवतच नायत. आख्ख्या थेटरानं मागं वळून बघलं होतं. मी पण."

माझ्या अंगावर काटा आला, भरदुपारी, रोह्यात. जावयांनी हळूच मागच्या दाराकडे बघितलं आणि मग उगाच उठून कप ठेवून आले.

"आणि हिचं काय चुकलं?" लेकीने टीव्हीकडे बोट करून विचारलं.

"ही सगळ्यांकडं बघते. सगळ्यांकडं बघणारीला कोण भिणार? तिला आपलं कोण नाय."

परतीच्या एसटीत काकू खिडकीला डोकं टेकून झोपल्या. मी मात्र त्या दाराचाच विचार करत होते. बघणं म्हणजे कुणाकडे तरी बघणं, एवढं मला कळलं होतं. मग माझे गणपती कुणाकडे बघतात?

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी कारखान्यात गेले. माझी पहिली मूर्ती टेबलावर होती. मी डोळे टेबलावरच आखते, समोर स्टुलावर बसून, पाठ दुखू नये म्हणून. स्टुलावर बसून बघितलं, मूर्ती माझ्याकडे बघत होती. छान. मग रोह्यातल्यासारखं केलं. जमिनीवर बसले. मूर्तीने मला सोडूनच दिलं. माझ्या डोक्यावरून ती थेट मागच्या पत्र्याकडे बघत होती.

काकू कधीच टेबलावर काम करत नाहीत. दोन पाट एकावर एक, त्यावर मूर्ती, आणि स्वतः जमिनीवर मांडी घालून. मला वाटायचं, जुन्या माणसांची सवय. त्यांची नमुन्याची मूर्ती मी समोर ठेवून बघायचे तेव्हा तिची बुबुळं जरा खाली उतरलेली दिसायची. मला वाटलं, हात थरथरतो म्हणून उतरत असतील. मी बिचारीने माझ्या मूर्तींत ती केसभर वर घेतली. काकूंचं काम मी सुधारलं होतं! त्या नव्या सिनेमावाल्यांनी तरी वेगळं काय केलं होतं?

मी नमुन्याची मूर्ती पाटांवर ठेवली, खाली बसले आणि वर बघितलं. ती माझ्याकडे बघत होती. नीट, जवळून, काय गं, जेवलीस का असं विचारावं तशी.

काकू आल्या तेव्हा मी खालीच बसलेली होते. मी सगळं सांगून टाकलं, बुबुळं वर घेतल्याचंसुद्धा. वाटलं आता रागावतील. त्या म्हणाल्या, "मी स्टुलावर बसून कधी बघलंच नाय गो. मला काय म्हायती तिथनं कसं दिसतं!" मग जरा विचार करून म्हणाल्या, "पूजा करणारा खाली बसतो ना. पयली नजर त्याची."

सहावी मूर्ती मी पाटांवर घेतली. डावा डोळा झाल्यावर ब्रश खाली ठेवून पाणी प्यायले. दुपारी उजवा झाला. शेवटचा पांढरा ठिपका दिला आणि बाजूला सरकले.

मालक येऊन मागे उभे राहिले. काकू गुडघ्यावर हात देत माझ्या जागी बसल्या. चष्मा काढला नाही, मूर्ती हातात घेतली नाही. नुसती मान वर केली. माझ्या कानात त्या मशीनचा आवाज यायला लागला.

मग त्यांनी खांद्यावरून घसरलेला पदर सारखा केला. घरात कुणी मोठं माणूस आल्यावर बायका करतात तसा, न कळत.

"हमरापूरला फोन नको करू," त्या मालकांना म्हणाल्या. आणि मला, "त्या पाच जणांना खाली घे आता. किती दिवस पत्रा बघत बसणार बिचारे?"