घरटी एक माणूस

ये गो रेवा, अशी जवळ बस. तू रोह्याला आणि मी पेणला, हे मला कळतंय, तरी बस. काल फोनवर काय म्हणालीस? "आजी, लॉची सीईटी होईपर्यंत मी कुणाकडे येणार नाही, कुणाशी बोलणार नाही." अगं, परीक्षा देतेयस की संन्यास घेतेयस? आई ताट घेऊन दाराशी उभी राहते आणि तू आतून "ठेव तिथेच" म्हणतेस म्हणे. चुलत बहिणीच्या साखरपुड्यालाही गेली नाहीस. आता मी बोलणार आणि तू गप्प बसून वाचणार. तो मोबाईल उलटा ठेव आधी.

मी वकील नाही, हे तुला माहीत आहे. बाकी जे कोण वाचतील त्यांच्यासाठी सांगते. मी पेणच्या कोर्टाजवळ एका वकिलांच्या ऑफिसात कारकून आहे. टायपिंगला म्हणून गेले, ती तिथेच राहिले. कारकून म्हणजे वकिलाचे हातपाय. कागद दाखल करायचे, तारखा आणायच्या, नकला काढायच्या, आणि पक्षकार रडायला लागला की त्याला पाणी द्यायचं. कायदा मी कुठे शिकले नाही. ऐकून ऐकून थोडा अंगाला लागला, एवढंच.

तर दोनेक वर्षांपूर्वी एक दिवस आमचे वकीलसाहेब ओरडत होते.

"चूक. परत चूक! तन्वी, तू वाचतेस की नुसती कागदाकडे बघतेस?"

तन्वी म्हणजे कासूच्या पलीकडे खाडीकाठी गाव आहे तिथली मुलगी. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. सकाळी कॉलेज, दुपारपासून आमच्या ऑफिसात. काम मागायला आली तेव्हा साहेबांनी विचारलं होतं, "पुढे काय करायचंय?" ती म्हणाली, "तुम्ही करता ते." साहेब बोलतात कमी आणि ओरडतात जास्त, पण त्या दिवशी हसले. ठेवून घेतलं. अट एकच, रोज त्यांच्यासमोर बसून सीईटीचा एक सराव पेपर सोडवायचा.

तुला ठाऊक आहेच, त्या पेपरात एक विशिष्ट प्रकारचे प्रश्न असतात. आधी एक नियम देतात, मग एक प्रसंग देतात. तो नियम त्या प्रसंगाला लावायचा आणि उत्तर द्यायचं. नियम बरा की वाईट हे आपल्याला कुणी विचारत नाही. आपली मतं दाराबाहेर चपलांसारखी काढून आत जायचं.

त्या दिवशीचा नियम असा होता: कायद्याने किंवा कराराने कर्तव्य आलेलं नसेल, तर मदत न करणं हा गुन्हा नाही. आणि प्रसंग असा, की एक अनोळखी माणूस तळ्यात बुडतोय. काठावर एक पट्टीचा पोहणारा आहे. तो शेंगा खात नुसता बघत राहतो. तो दोषी आहे का?

तन्वीने टिक केली होती, दोषी.

"नियम काय म्हणतो?" साहेबांनी विचारलं.

"मदत केली नाय तर गुन्हा नाय."

"मग उत्तर?"

"दोषी."

"अगं पण का?"

"सर, उभा रायलाच कसा तो? शेंगा उतरल्या कशा त्याच्या घशाखाली?"

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. नंतर प्रसंग बदलून बघितले. शेजाऱ्याचं घर पेटलंय, रस्त्यात कुणाची गाडी उलटलीय. बाकी सगळा पेपर बरोबर आणि नेमका हा प्रकार आला की मुलगी घसरलीच. साहेब माझ्याकडे वळले. "शोभाताई, हिला झालंय काय? ह्याच मार्कांवर हिची अॅडमिशन जाईल."

मी काय सांगणार? दुपारी डब्याच्या वेळी तिलाच विचारलं.

डब्याचंही सांगते. तिची आई रोज दोन माणसांचा डबा द्यायची. तांदळाची भाकरी, सुकट, कधी वालाचं बिरडं. "काकी एकट्याच राहतात, त्यांना नेऊन दे," असं आईने बजावलेलं. मी आधी नाही-नाही केलं. मग रोज एक वाजला की तिच्या पिशवीकडे बघायला लागले.

"काकी," ती म्हणाली, "आमच्याकडं असं नसतं ना. खाडीचा बांध फुटला की घरटी एक माणूस बांधावर. शेत कुणाचंही असो."

बांध म्हणजे खाडीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून घातलेली मातीची लांबच लांब भिंत. उधाणाच्या भरतीला ती कुठेतरी फुटते, त्याला तिकडे 'खांड गेली' म्हणतात. पाणी ओसरलं की पुढच्या भरतीच्या आत ती बुजवावी लागते. नाहीतर शेतात मीठ बसतं आणि मग भात विसरायचा.

"आणि घरात माणूस नसेल तर?"

"ज्याने त्या घरचं खाल्लंय तो जातो. एकदा आमच्या शेजारी ठाण्याचा पाहुणा जेवायला बसलेला, आणि तेवढ्यात खांड गेली. घरात जाण्यासारखं दुसरं कुणी नव्हतं. त्यालाच नेला, हात धुवायच्या आधी! बिचारा पँट दुमडून संध्याकाळपर्यंत गोणी उचलत होता. परत आला नाय कधी जेवायला."

आम्ही दोघी खूप हसलो. मग मी म्हटलं, "हे बघ तन्वी, पेपरातल्या गावाला खाडीच नाही असं समज. तिथे बांध नाही, भरती नाही. तिथली माणसं निराळी. तू फक्त त्यांचा नियम वाच." तिने मान डोलावली. त्यानंतर चारातली दोन उत्तरं बरोबर यायला लागली. राहिलेल्या दोनांत ती अजून त्या शेंगा खाणाऱ्यावर चिडलेलीच असायची.

परीक्षा उन्हाळ्यात होती. सेंटर पनवेलच्या पुढे, दुपारची शिफ्ट. ती सकाळच्या गाडीने कासूहून पेणला आली. ऑफिसात थोडं बसून मग एसटीने पुढे जायचं असं ठरलं होतं. मी तिच्यासाठी दहीसाखर घेऊन गेले होते. तिने चमचा तोंडात घातला आणि फोन वाजला. आईचा होता.

बोलणं लांबलं नाही. "कुठे?" "व्हय." "बाबांना लावलास?" आणि मग नुसतं "हं." फोन ठेवला, हॉलतिकिटाची फाईल पिशवीत घातली आणि उभी राहिली.

"काकी, खांड गेली. रातच्या भरतीला. मी निघाल्यावर दिसली. मी जाते घरी."

"घरी? आणि परीक्षा?"

"बाबा फर्स्ट शिफ्टला रोह्याला कंपनीत आहेत, सुटेपर्यंत त्यांना सोडत नाय. आईला डॉक्टरांनी वजन उचलू नको सांगितलंय. आणि खांड आमच्याच शेताच्या तोंडाला हाय."

साहेब आतून बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "तन्वी, बस खाली. कायद्याने तू बांधील आहेस का?"

"नाय सर."

"करार केलायस?"

"नाय."

"मग तू गेली नाहीस तर गाव काय करणार आहे? बोलेल चार दिवस."

"बोलणार कोणीच नाय सर," ती म्हणाली. "तेच तर वाईट. कोण काय बोलत नाय. पुढच्या वेळी नुसती हाक मारत नाय."

तिचे डोळे भरलेले होते, पण पाय दाराकडेच होते. सीईटी हुकली की वर्ष गेलं. आणि बी.ए. झालेल्या मुलीचं एक वर्ष रिकामं गेलं की तिकडे स्थळं यायला लागतात, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

मी टेबलाचा खण बंद केला. "साहेब, मला आज रजा हवी."

"आत्ता? कशाला?"

"बांधावर जायचंय. वर्षभर हिच्या घरची भाकरी खाल्लीय मी."

तन्वी माझ्याकडे बघतच राहिली. "काकी, तुम्हाला जमणार नाय गो. चिखल असतो गुडघ्यापर्यंत."

"ठाण्याच्या पाहुण्याला जमलं, मला नाही जमणार?"

साहेब म्हणाले, "शोभाताई, तुम्ही तरी कायद्याने बांधील आहात का?"

"नाही साहेब. पण आज पेपर तिचा आहे, माझा नाही."

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. मग खिशातून गाडीची किल्ली काढली. "चल, तुला मी सोडतो. एसटीच्या भरवशावर राहू नकोस. कोर्टात ज्युनिअर तारीख घेईल." आणि जाता जाता मला, "जपून हं. उद्या नकला काढायच्यात."

ते दोघं पनवेलकडे गेले, मी उलट दिशेने. वडखळ नाक्यावर रिक्षा बदलली. गावात पोचले तर घरं सगळी उघडी आणि आत कुणी नाही. सगळं गाव बांधावर. ओहोटी होती, खाडी दूर गेलेली, आणि बांधाला बैलगाडी सहज जाईल एवढं भगदाड. माणसांची रांग लागली होती. गोणीत चिखल भरायचा आणि हातोहात पुढे सरकवायचा.

रांगेच्या तोंडाशी एक म्हातारे उभे होते. गावात त्यांना सगळे नाना म्हणतात. कोण कुठे उभं राहायचं ते तेच सांगतात.

"तुम्ही कुणाकडच्या?" त्यांनी विचारलं.

"तन्वीच्या घरची."

"त्या घरात मी तुम्हाला कधी बघितलं नाय."

"घरात नाही आले कधी. डबा यायचा. सुकट, भाकरी, बिरडं. वर्षभर."

नानांनी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "सुकटीत कैरी असायची का?"

"असायची की. आणि कांदा अगदी बारीक."

"घरचीच आहे," नाना रांगेला म्हणाले. "घ्या तिला."

एक बाई ओरडली, "ओ वकिलीणबाई, चपला काढा, नायतर चिखल खाईल त्यांना!" दुसरी म्हणाली, "साडी खोचा वर, इथं कोण जज नाय बघायला!" मी साडी खोचली. मला गोणी दिली नाही कुणी, घमेली दिली. रिकामी घमेली मागे पाठवायची, म्हणजे रांगेतलं सगळ्यात हलकं काम. तरी तासाभरात कंबर बोलायला लागली. तन्वीची आई बांधाच्या कडेला बसून सगळ्यांना पाणी देत होती. माझ्यापाशी आली की नुसतीच उभी राहायची. एकदा म्हणाली, "पोचली असंल ना ओ ती?" मी म्हटलं, "साहेब गाडी चालवतायत. पोचली नाही तर आरटीओलाच नोटीस पाठवतील." ती हसली, मग पदराने डोळे पुसले.

पाणी यायला लागलं तेव्हा शेवटच्या गोणी बसत होत्या. भरती बांधाला लागली, चढली, आम्ही सगळे बघत उभे. थेंब थेंब झिरपलं, पण बांध धरला. नाना म्हणाले, "बसा आता." आणि सगळं गाव होतं तिथेच खाली बसलं.

उन्हं उतरता उतरता साहेबांची गाडी आली. साहेब पांढऱ्या शर्टात बांधावर चढले, नानांनी त्यांच्या हातात कोऱ्या चहाचा ग्लास दिला. साहेबांनी एक घोट घेतला आणि थबकले. मला हळूच विचारलं, "शोभाताई, चहा धरतात का हो ह्यात?"

नानांनी ऐकलं. "चहाला अर्धा माणूस साहेब. त्यात बुडवून बटर खाल्लंत तर पूर्ण."

साहेबांनी बटर घेतलं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

तन्वी माझ्याजवळ येऊन चिखलातच बसली. माझे हात हातात घेऊन बघितले. मग म्हणाली, "काकी, आला होता तो. बुडणाऱ्याचा प्रश्न. विहीर होती, पण माणूस तोच."

"कशावर टिक केलीस?"

"दोषी नाय."

"शहाणी गो माझी!"

"टिक केली आणि मनात म्हटलं, मेल्या, शेंगा टाक आणि उडी मार."

तिला अॅडमिशन मिळाली. मुंबईला आहे आता, दुसऱ्या वर्षाला. सुट्टीत आली की आमच्याच बाकावर बसते आणि साहेबांशी वाद घालते. कायदा करणाऱ्यांना तो नियम बदलायला लावीन म्हणते. साहेब म्हणतात, "आधी पास हो." आणि हो, पुढच्या उधाणाला साहेबांना गावातून फोन आला. बटर खाल्लं होतं ना. माणूस कोटाची घडी घालून, पँट दुमडून गेला.

तर रेवा, धडा एवढाच. परीक्षेच्या वर्षी दार लावून घ्यायचं असेल तर खुशाल लाव, पण आधी कुणाला तरी तुझ्या डब्यातलं दे. तुझा पेपर तुलाच सोडवायचाय. बांधावर मात्र तेव्हा दुसरं कुणीतरी लागतं.

ह्या रविवारी ये. तीन स्टेशनं, निडी, नागोठणं, कासू, की आलंच पेण. पुस्तकं घेऊन ये हवं तर, माझ्याकडे टेबल आहे आणि मी गप्पही बसते, थोडा वेळ. येताना आईच्या हातचं काहीतरी डब्यात आण. किती दिवसांत तुमच्या घरचं खाल्लं नाही मी. ऐन परीक्षेच्या दिवशी कुठे खांड गेली, तर मी कुणाच्या घरची म्हणून उभी राहू? लवकर ये गो.